खालची ओळ

स्टॉकपोर्टच्या वाचनालयात माझ्या नावावर अकरा पुस्तकं आहेत,
सगळी जपानी, चित्रांची, शाळकरी पोरांच्या फळीवरची.
काउंटरवरचा मुलगा विचारतो, मुलीसाठी का?
मी हो म्हणते. केतकी लीड्सला गेली, तिला आता वेळ नाही.
खोटं बोलायला एक मुलगी असलेली बरी.

पहिल्यांदा मी उलट्या टोकानं उघडलं.
तिथं बजावलेलं होतं: थांबा, ही चुकीची बाजू आहे.
इतकं स्पष्ट मला वेळेवर कुणीच सांगितलं नव्हतं.

आवडतं ते आधी सांगते.
ते लोक आवाज काढतात चित्रात. दाराचा, नूडल्स ओढण्याचा,
आणि काहीच घडत नसतं तेव्हा
त्या न घडण्याचाही एक आवाज असतो, कोपऱ्यात, तिरक्या अक्षरात.
भाषांतर करणारा बिचारा तिथं अडखळतो,
‘सायलेन्स’ लिहितो, दवाखान्यातल्या पाटीसारखं.
मला विचारलं असतं तर दिला असता शब्द.
चिडीचूप नाही, त्यात पोरं दडलेली असतात.
किर्र.
आमच्याकडे शांतताही किर्र असते म्हटलं असतं, घ्या, वापरा.

आता न आवडणारं.
कोरियन मालिकांत तो तिचं मनगट धरून तिला ओढत नेतो
आणि मागे पियानो वाजतो.
एक्स-रे विभागात मी अशी मनगटं बघते.
तिथं पियानो नसतो.
शिवाय रडतात फार, आणि नाक पुसत नाहीत.
गरीब मुलीच्या अंगावरचा कोट माझ्या महिन्याच्या पगाराचा.
आठव्या भागात विमानतळ, बाराव्यात कुणाची तरी स्मृती जाणार.
हे सगळं ठाऊक असून मी रात्री दीडपर्यंत बसते,
सातची ड्यूटी असताना,
मांडीवर कढीभात, साय धरलेला.

आमच्या विभागातली मॉरीनही बघते.
म्हणते, सोळा भाग लागतात यांना हात धरायला!
मी आणि टेरीनं एकशे ब्याण्णवच्या बसथांब्यावर
एका संध्याकाळी उरकलं सगळं.
मी म्हटलं, आमचा पहिला भाग साखरपुडा, दुसरा व्हिसा,
तिसऱ्यापासून घराचे हप्ते.
ती खोकला येईपर्यंत हसली.

पण एक गोष्ट मॉरीनला दिसत नाही
आणि मला, कोरियन येत नसून, ऐकू येते.
नवव्या-दहाव्या भागात, नदीकाठी नाहीतर एखाद्या जिन्यात,
त्याच्या वाक्याच्या शेपटीला असलेलं काहीतरी
गळून पडतं. आदबीचं, बारकंसं.
ती चमकून वर बघते.
खालच्या ओळीत मघाशीही यू होतं, आत्ताही यू.
दचकायला काय झालं हिला, मॉरीन विचारते.
म्हटलं, तो आत्ता चपला काढून आत आला.
आत कुठे? ते तर पुलावर उभे आहेत.

परवा यशोधनचा फोन आला,
बॉयलरची जुनी पावती हवी होती त्याला.
सव्वीस वर्षं अगं, ऐक ना, तू कुठे ठेवलीस,
शेवटच्या वर्षी नुसतंच हं.
आणि आता म्हणाला, तुम्हाला सापडली तर पाठवा.
सवडीनं.
सवडीनं हे फार चांगलं म्हणाला. तक्रार नाही माझी.
मी ओट्यापाशी तशीच उभी, फोन हातात,
फ्रिज मध्येच थांबला
आणि कोपऱ्यात, तिरक्या अक्षरात,
तो आवाज.
खालची ओळ असती तर तीच असती. यू.

पावती सापडली.
केतकीच्या खोक्यात, चौथ्या पुस्तकात,
तिनं वाचायचं सोडलं त्या पानावर खूण म्हणून घातलेली.
अजून पाठवली नाही.
आधी तिथून पुढचं वाचून काढते,
उजवीकडून.